दोन सह्यांची नोटीस

प्रिय दीडशहाण्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलंय. खोडणार होते, पण खोडलं की कागद घाण दिसतो, आणि तुझ्यासाठी दुसरा कागद घ्यायची माझी तयारी नाही. तेव्हा राहू दे. पुढचं वाचताना मात्र त्या एका शब्दावर विसंबू नकोस. मी भयंकर चिडलेली आहे. आठवडाभर गिऱ्हाइकांवर खेकसतेय. परवा एका म्हाताऱ्या मास्तरांना त्यांच्याच कपाटाची किल्ली देताना म्हणाले, घ्या, आणि घरात कुणाला घेऊ नका! बिचारे सुट्टे न घेताच गेले.

कारण अर्थातच तुझा धाकटा भाऊ. दीड वर्षापूर्वी तुझा फोन आला होता, आठवतो का? तू घर सोडून गेल्याला तेव्हा अडीच वर्षं झाली होती. 'सहा महिन्यांचं काम आहे, आलोच' म्हणून गेलेला माणूस तू. मी जिन्याखालच्या आपल्या दुकानाच्या खिडकीत बसले होते, यंत्रावर अर्धी कापलेली किल्ली होती. तुझा आवाज ऐकला आणि यंत्र बंद केलं. तीन मिनिटं बोललास. त्यातली अडीच धाकट्याबद्दल. त्याला इथे नोकरी लागलीय, राहायला जागा नाही, माझी खोली रिकामीच आहे ना, ती दे, निम्मं भाडं तो भरेल. माझी खोली! अडीच वर्षांत पाऊल नाही टाकलंस आणि तोंड वर करून 'माझी खोली'. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तिथेच चुकले. घरातलाच मुलगा, लिहून काय घ्यायचं, म्हणून एक कागदही केला नाही. घरमालकीणबाई तोंडी हो म्हणाल्या, झाला तो माझा पोटभाडेकरू. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

खोटं कशाला बोलू, पहिले दहा-अकरा महिने पोरगं गुणाचं होतं. एक तारखेला पैसे टेबलावर. न्हाणीघराचा नळ गळत होता तो त्याने नीट केला, जो तू तीन वर्षं 'या रविवारी करतो' म्हणत होतास. मला वहिनी म्हणायचा. तुझं-माझं लग्न झालेलं नाही हे त्याला चांगलं माहीत होतं, तरी म्हणायचा, आणि मला, काय सांगू, बरं वाटायचं. मग त्याने माशांची पेटी आणली. काचेची, शोभेच्या माशांची. मग दुसरी. आता पाच आहेत. तुझा पलंग भिंतीला उभा केलाय आणि सगळ्या खोलीत पाणी बुडबुडतंय. भिंतीला ओल आली. नोकरी कधी सुटली ते मला कळलंच नाही. कळलं तेव्हा भाडं थांबून दोन महिने झाले होते. विचारलं तर हसून म्हणतो, वहिनी, घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेतं का? भाड्याला पैसे नाहीत आणि माशांना खायला जिवंत अळ्या विकत येतात! माझ्या फ्रिजमध्ये ठेवतो. दुधाशेजारी. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं, पण आमचा नागोबा बिळात मत्स्यालय काढून बसलाय.

सात महिने झाले. त्याचा हिस्सा मी भरतेय, आणि नवं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं ते राहिलं. पण ते जाऊ दे. खरी गोष्ट पुढे आहे. खालच्या बाईंच्या छताला ओलीचा डाग पडला. घरमालकीणबाई वर आल्या. त्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, अजून सगळ्यांशी वॉर्डातल्यासारख्या बोलतात. म्हणाल्या, तुमचं आपसातलं मला सांगू नका; करार संपायला तीन महिने आहेत, तोवर हा मुलगा आणि त्याची तळी बाहेर गेली नाहीत तर करार पुढे होणार नाही, तुम्हीही बाहेर. आणि दुकानाची खिडकी त्याच करारात आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. अकरा वर्षं मी त्या खिडकीत बसतेय. ती गेली तर माझं घरही गेलं आणि पोटही गेलं.

मग मी केलं ते ऐक आणि हस हवं तर, सगळ्या जिन्याने हसून घेतलंय. एका दुपारी तो मासे आणायला गेला आणि मी दाराचं कुलूप बदललं. सात मिनिटं लागली. इतकं सुंदर काम मी वर्षभरात केलं नव्हतं. तासाभराने तो आला, हातात पाण्याची पिशवी, पिशवीत दोन नारिंगी मासे. किल्ली लागेना. भांडला नाही, ओरडला नाही, सरळ पोलीसचौकीत गेला. मासे घेऊनच गेला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं, तर कायद्याने चोर मीच ठरले. पोलीस म्हणाला, बाई, राहत्या माणसाला असं बाहेर ठेवता येत नाही, उघडा. सगळ्या शेजारणी कठड्याला टेकून बघत होत्या. गावभरची अडलेली दारं उघडून देणारी मी, माझंच दार पोलिसाच्या देखत त्याच्यासाठी उघडून दिलं. वर पोलीस म्हणतो, यांना नवी किल्ली द्या. माझ्या खिशात दुसरी किल्ली तयार होती, ती काढून दिली. पोलीससुद्धा हसला, म्हणाला, तयारच होती की! ज्याला हाकलायला कुलूप बदललं त्याच्याच हातात किल्ली. दुसरी किल्ली मी मुळात केलीच कशाला, ते पुढे सांगते.

त्यानंतर वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या कचेरीची सगळी कुलपं माझ्या हातची, म्हणून ओळख. त्यांनी मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. कुलूप, पाणी, वीज, तिन्हीला हात लावायचा नाही. तुमची कारागिरी इथे गुन्हा आहे. आधी लेखी नोटीस, मग तीस दिवस थांबायचं, मग कोर्ट, आणि निकाल लागला की कोर्टाचा माणूस येऊन त्याला बाहेर काढेल, तुम्ही नाही. बरं बाई, म्हटलं. नोटीस दिली. तीस दिवस माझ्याच घरात पाहुण्यासारखी वावरले. मध्ये चार दिवस साहेब कुठेतरी भटकायला गेले, आणि त्या पेट्यांचा पंप बंद पडला. मासे वर येऊन तोंडं उघडून बघायला लागले. मी नाइलाजाने पंप खोलून साफ केला, त्यांना खायला घातलं. माझं भांडण माशांशी नाही. तो परत आला तेव्हा थँक्यूसुद्धा म्हणाला नाही, उलट विचारलं, जास्त तर नाही ना घातलं? तळपायाची आग मस्तकात गेली.

आता कोर्टाचं. गेल्या सोमवारी तारीख होती. छोटीशी खोली, दोन बाकं, भिंतीला घड्याळ, तेही बंद. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, इस्त्री माझी. मी पावत्या दाखवल्या, नोटीस दाखवली, ओलीचे फोटो दाखवले. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग त्याने खिशातून एक कागद काढला आणि न्यायाधीशबाईंपुढे ठेवला. मी लांबूनच ओळखला. उजवीकडे चढत जाणाऱ्या ओळी, काम संपायच्या आत पळायची घाई असल्यासारख्या. तुझं अक्षर. 'ती खोली माझी आहे. भाऊ माझ्या परवानगीने राहतो. भाड्याचं आम्ही घरातल्या घरात बघून घेऊ.' खाली सही आणि तुझा हल्लीचा पत्ता. तारीख गेल्या महिन्याची.

गेल्या महिन्याची! म्हणजे तुझ्याकडे कागद आहे, पेन आहे, पत्ता आहे, सही करायला हात आहे. चार वर्षांत मला एक ओळ लिहिली नाहीस. मी तापाने पडले होते तेव्हा नाही, माझे बाबा गेले तेव्हा नाही. ज्यांनी तुला पहिल्यांदा कानस धरायला शिकवली ते माझे बाबा. आणि धाकट्याने मागितलं तर लगेच लिहून पाठवलंस, तेही माझ्या विरुद्ध. तुला ठाऊक नसेल की तो ते कोर्टात दाखवणार आहे. नसेलच. तू कधी कशाचा पुढचा विचार केलायस? पण 'घरातल्या घरात' लिहिताना तुला हेही वाटलं नाही का, की त्या घरात अजून कोण राहतं, एकदा विचारावं?

न्यायाधीशबाईंनी करार उघडला. भाडेकरूंची दोन नावं, माझं आणि तुझं. दुसरे भाडेकरू कुठे आहेत, म्हणाल्या. मी म्हटलं, चार वर्षांपूर्वी गेले. मग करारात नाव कसं? मी पावत्या पुन्हा नीट लावायला लागले. त्या म्हणाल्या, नोटिशीवर एकीचीच सही, दुसरा भाडेकरू म्हणतो राहू दे, तेव्हा नोटीस फेटाळली. दोघांच्या सहीची आणा. धाकट्याने बाहेर येऊन मला विचारलं, वहिनी, घरी एकत्रच जायचं का, रिक्षा निम्मी-निम्मी. मी चालत आले.

आता खरं ते सांगते, कारण तुझ्यावर एवढी आग पाखडल्यावर माझं झाकून ठेवणं बरोबर नाही. कराराच्या नूतनीकरणाला दर वर्षी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना आहे, राहणाऱ्यांत काही बदल आहे का. मेट्रनबाई दर वर्षी चष्म्यावरून बघत विचारायच्या, काय लिहू? आणि मी दर वर्षी म्हणायचे, नाही. चारही वर्षं. तुझं नाव तू नाही ठेवलंस, मी ठेवलं. वाट बघत होते मी. सोप्या मराठीत सांगायचं तर मूर्ख होते. आणि त्या दुपारी रागारागाने नवं कुलूप बसवलं, तरी यंत्रावर दोन किल्ल्या कापल्या, एक माझी आणि एक तू आलास तर. ती तुझी किल्ली आता धाकट्याच्या खिशात आहे. माझ्या चार वर्षांचा हिशेब एवढाच.

पाकिटात दोन कागद आहेत. पहिली नोटीस आहे, वकीलबाईंनी लिहिलेली, माझी सही झालीय. तुझी कर म्हणजे तुझा भाऊ निघेल. त्याच्या राहण्याचं आता तू बघ, मासेही तूच बघ. वकीलबाईंनी मला तेवढाच एक कागद दिला होता. दुसरा मी मागून घेतला, आणि तो मागतानाच कळलं की हे पत्र त्या दुसऱ्या कागदासाठीच लिहायचं होतं. त्याच्यावर लिहिलंय की त्या घरात तू राहत नाहीस, खोली तुझी नाही, आणि करारातून तुझं नाव काढावं. मेट्रनबाईंना सांगून आलेय, या वर्षी त्या रकान्यात 'हो' लिहायचं आहे. परतीच्या पाकिटावर तिकीट लावलंय, पत्ता घातलाय, पेनने खुणाही केल्यात कुठे सही करायची त्या. सोबत एक ओळही लिहू नकोस. तुला लिहिता येतं हे मला सोमवारी कळलं, तेवढं पुरे. पहिल्या कागदाने तो जाईल. दुसऱ्याने तू जा.

एकेकाळी तुझीच,
किल्लीवाली