मधली चार मिनिटं

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, माझ्या नव्या पद्धतीविरुद्ध गेटसभेतलं भाषणच ते! टाळ्या वाजवायला घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मीच एक वाजवली आणि मग मुद्द्यांकडे वळले. फोनवर मी मधेच बोलते म्हणून तू कागद धरलास ना? आता कागदावर मी बोलते, तू गप्प बस.

विजेच्या लाइनवर चढण्याआधी प्रत्येकानं खालच्या बंद स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घेऊन वर जायचं, हा नियम तू भांडून आणलास. साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून आणलास, हे खात्यात अजून सांगतात. पण दादा, गेल्या वर्षी तुझ्याच विभागात माणूस कुलूप तसंच ठेवून घरी गेला, किल्ली धुवायच्या पँटमध्ये गेली आणि रुग्णालयाला तीन तास जनरेटरवर काढावे लागले. असं एकदा नाही, अकरा वेळा झालं.

नव्या पद्धतीत कुलूप नाही. प्रत्येकाला खात्याचा फोन मिळेल. चढताना त्यावर 'चढतोय' दाबायचं, जमिनीवर पाय टेकले की 'उतरलो'. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक लाल ठिपका असतो. सगळे ठिपके हिरवे झाल्याशिवाय प्रवाह सोडता येत नाही. कुणी सोडायला गेलाच, तर यंत्र त्याला अडवतं.

तू फोरमन. तू कुलूप जमा केल्याशिवाय तुझी माणसं करणार नाहीत, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हात जोडते. हे काम कुण्या परक्यानं केलेलं नाही रे, तुझ्या बहिणीनं दोन वर्षं डोळे फोडून केलंय. तुझा जीव ज्यात सुरक्षित राहणार नाही, असं काही मी बनवीन का?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठिणगी


दि. २६ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जिंकलीस बाई. कुलपं जमा करून महिना झाला. पाचही जणांची कुलपं मी माझ्या हातानं कचेरीच्या पेटीत टाकली.

आता तुझ्या यंत्राची तक्रार ऐक, आणि मधे बोलू नकोस. ज्यानं हे बनवलं तो माणूस कधी खांबावर चढलाय का? चढली नाहीस, मला माहीत आहे. लहानपणी तुला पेरूच्या झाडावरून मीच उतरवायचो. रबरी हातमोजे घातले की फोनला बोट कळत नाही. हातमोजे काढावेत तर नियम मोडतो. ठेवावेत तर फोन ऐकत नाही. एकाचा वरून निसटला, काच फुटली आणि त्याला कारणे दाखवा नोटीस आली. माणूस निसटला असता तर इतकी तत्परता दाखवली असती का, असं मी कचेरीत विचारलं.

मग आम्ही आमची वाट काढली. पाचही फोन जीपच्या बॉनेटवर ओळीनं मांडून ठेवतो. आमचा ड्रायव्हर तिथं उभा असतो. त्याला सगळे 'काटा' म्हणतात, कारण वेळेत अर्ध्या मिनिटानं चुकत नाही. काम संपलं की एकेक जण उतरतो. सगळ्यात शेवटी मी. माणसं मोजून खाली पाठवल्याशिवाय मी उतरत नाही, हा माझा जुना शिरस्ता. मग मी अर्थिंगची तार काढतो. चुकून प्रवाह आलाच तर ही तार तो जमिनीत घेऊन जाते, म्हणून ती शेवटच्या क्षणापर्यंत ठेवायची. तार निघाली की मी हात वर करतो. काटा तो हात बघतो आणि पाचही फोनवर 'उतरलो' दाबून टाकतो.

मी तेव्हा वरच असतो, हे खरं. पण तुझ्या कक्षातले लोक पडदा बघणार, साहेबांना विचारणार आणि मग प्रवाह सोडणार; यात चार मिनिटं जातात. आम्ही पंधरा दिवस घड्याळ लावून पाहिलं. चाराची पावणेचार कधी झाली नाहीत. मला उतरायला दीड मिनिट पुरतं. जमिनीवर येऊन मी पट्टा सोडतो, पाणी पितो, तरी वेळ उरतो. तुम्ही दर आठवड्याला तुकड्यांचा तक्ता लावता, कोण किती मिनिटांत मोकळं झालं याचा. शर्यत तुम्हीच लावलीत, मग आम्ही दोन मिनिटं का दवडावीत?

वहिनी म्हणते, तू फार वाळली असशील. जेवत जा. आमच्यावर माया ठेव, आणि पुढच्या खेपेला हातमोज्यांतून चालणारा फोन दे.

तुझा,
दादा


दि. २६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं नाही, म्हणजे नक्की रुसलायस. ऐक, म्हणजे रुसवा जाईल.

आज मोठ्या सभागृहात मी सगळ्या विभागांसमोर आपल्या पद्धतीचा अहवाल मांडला. कुठल्या तुकडीचं उदाहरण घेतलं असेल? तुझ्या! वेगवेगळ्या खांबांवरची पाच माणसं, आणि पाचही ठिपके पाच सेकंदांत हिरवे. एकदा नाही, गेले दोन आठवडे रोज. मी म्हटलं, शिस्त कशाला म्हणतात ते इथे बघा. साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. तो फोरमन माझा भाऊ आहे हे मी सांगितलं नाही, पण माझं तोंडच सांगत असणार.

दुसरी बातमी त्याहून मोठी. तुमचा शेवटचा माणूस उतरल्यावर इथं चार मिनिटं वाया जात होती. एकानं बघायचं, दुसऱ्यानं विचारायचं, तिसऱ्यानं मान हलवायची. येत्या सोमवारपासून हे सगळं बंद. शेवटचा ठिपका हिरवा झाला की यंत्र स्वतः तपासेल आणि दहा सेकंदांत प्रवाह सोडेल. माणसाच्या हाताची गरजच नाही. परिपत्रक आज सगळ्या कचेऱ्यांना गेलं. वर्षभरात किती हजार तासांचा अंधार वाचेल, याचा हिशेब मी तीनदा केला. तिन्ही वेळा बरोबर आला.

आता तरी कबूल कर की पेरूच्या झाडावरून उतरता न येणारी बहीण कामाची निघाली. वहिनीला नमस्कार. माया असू दे.

तुझी,
ठिणगी


दि. ३१ मार्च

चि. ठिणगीस,
वहिनीचे आशीर्वाद.

काल तू फोनवर फक्त रडत होतीस आणि मला धड बोलता येत नव्हतं. यांच्याजवळ बसून आहे म्हणून लिहिते. हातांना काहीतरी काम हवं.

काल सकाळी दहा वाजता हे वरच होते. बाकी चौघे खाली आले होते. यांनी तार काढली, हात वर केला. काट्यानं पाच फोन दाबले, आणि यांचा हात खाली येतो न येतो तोच लाइन जिवंत झाली. पट्टा खांबाला होता म्हणून पडले नाहीत. पण म्हणूनच खाली आणायला वेळ लागला. उजवा हात कोपरापर्यंत गेला आहे. डॉक्टर म्हणतात, हाताचं आता मनातून काढा. प्रश्न छातीचा आहे, आणि त्याचं चार दिवसांनी सांगू.

परिपत्रक कचेरीच्या फळ्यावर शुक्रवारपासून होतं म्हणे. तुकडी आठवडाभर शेतांमधल्या लाइनवर, फळ्याकडे जाणार कधी? तुझं पत्र आज दुपारी पोस्टमननं आणून दिलं. मी वाचलं. यांना वाचून दाखवलं नाही.

काटा दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे. जेवत नाही, घरी जात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतो की हात वर झाला होता, मी हात बघितला होता. यांनी शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, सांगू? पाचही खाली आले का? मी हो म्हटलं. मग म्हणाले, मग मी कसा वर राहिलो?

तुला दोष देत नाही. देणार नाही असंही म्हणवत नाही. माझं मन थोडं सावरू दे.

तुझी,
वहिनी


दि. ३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवेल, तिची इच्छा असली तर.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मला मंगळवारी मिळालं. माझं निघालं त्याच दिवशी तुझं निघालं होतं. वाटेत कुठल्या तरी थैलीत दोन्ही एकमेकांना घासून गेली असतील.

काल साहेबांनी मला बोलावलं. निवेदन तयार होतं, फक्त माझी सही हवी होती. 'प्रणाली निर्दोष. चालकाने खोटी नोंद केली.' त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, दादा, आणि तरी ते निवेदन खोटं आहे. मी सही केली नाही. काट्याच्या बोटांवर सगळा भार टाकून मोकळं व्हायचं, तर मग पाच ठिपके पाच सेकंदांत हिरवे झालेले बघून टाळ्या घेणारी मी कोण? निरनिराळ्या खांबांवरून माणसं अशी उतरत नाहीत, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला ते आवडलं होतं. मी माझ्या हातानं हे लिहून दिलं. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला.

रात्रीपर्यंत मी बाकीच्या तुकड्यांच्या नोंदी काढल्या. एकेचाळीसपैकी तेहतीस. तेहतीस तुकड्यांत कुठलातरी ड्रायव्हर बॉनेटपाशी उभा राहून सगळ्यांच्या वतीनं 'उतरलो' दाबतो. मी साहेबांना म्हटलं, चार मिनिटं परत द्या, कुलपं परत द्या, मग चौकशी करा. ते म्हणाले, प्रत्येकानं स्वतःच दाबावं असं नवं परिपत्रक काढलंय; आकडे वर कळवून झालेत, मागे फिरता येणार नाही. हातमोज्यांचं मी सांगितलं. त्यावर म्हणाले, तुम्ही भावनेच्या भरात आहात, काही दिवस रजा घ्या.

रजा उद्यापासून सुरू. आज सकाळी सात वाजता, तुकड्या निघायच्या आत, मी कक्षात आले. दहा सेकंदांचा तो आकडा कुठे बसवलाय हे खात्यात दोघांनाच ठाऊक आहे आणि दुसरा आज आला नाही. मी दहा पुसले आणि दोनशे चाळीस लिहिले. कुणाला विचारलं नाही. यानं काही सुटत नाही, हे मला कळतं. माणूस वर असताना तो खाली असल्याची खोटी नोंद आजही होईल. फक्त तिच्यानंतर चार मिनिटं असतील.

आता नऊ वाजलेत. समोर एकेचाळीस तुकड्यांचे ठिपके लाल आहेत. दुपारच्या तक्त्यात वेळ वाढलेला दिसला की साहेब विचारत खाली येतील, आकडा परत दहा होईल आणि मला बाहेर काढतील. तोपर्यंत जेवढे उतरायचेत, तेवढे उतरू देत.

तू बरा हो आणि मला मनसोक्त ओरड. मी मधे बोलणार नाही. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी,
ठिणगी