दोघींची खोली

लातूर, जानेवारी

प्रिय पुनम,

हे पत्र आमचे रविकांत तुझ्या हातात देतील. नांदेडहून रेल्वेने भोकरला जाताना ते मुदखेडला उतरणार आहेत, तुझे दयानंदराव ड्युटीवर असतील अशा वेळी. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमच्या घरी फोन सदा स्पीकरवर असतो आणि माझी खोली एवढी लहान की इथं दुसऱ्याच्या कानावर न पडता काही बोलता येत नाही. शांत बसून वाच. वाचून संपेपर्यंत फोन करू नकोस.

मागे तू विचारलं होतंस, अक्का, लातूरला कसं काय भागतं. मी भागतं म्हणाले होते. भागत नाही गं. पुणं परवडायचं नाही, लातूर काय आपलंच, असं आपण सगळे म्हणत होतो. पण ट्यूशनवाल्या भागातलं लातूर वेगळं आहे. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर आणि साडेसहा हजार भाडं. लाइटचं मीटर घरमालकिणीचं, दरही तिचाच. वापरायचं पाणी माणशी, प्यायचा जार वेगळा. भोकरला कढीपत्ता कधी विकत घेतला होता का आपण? इथं भाजीवाला कोथिंबिरीच्या चार काड्यासुद्धा फुकट देत नाही. रविकांत तिकडे एकटे हाताने करून खातात, मी इकडे पोरीच्या क्लासपायी लुंबिनीचा डबा करते, आणि एका संसाराच्या पगारात दोन चुली पेटतात. आमच्या गल्लीत अशा कितीतरी आया आहेत. सकाळी पोरं क्लासला गेली की सगळ्या एकाच वेळी गॅलरीत येऊन कपडे वाळत घालतात आणि मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंतचे दिवस ढकलतात.

तरी ही खोली मिळाली हेच नशीब. जूनमध्ये आम्ही तीन घरं बघितली. तिन्ही ठिकाणी बोलणं जमत आलं की मालक आडनाव विचारायचा. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. आणि मग त्याला आठवायचं की खोली कालच गेली. एका दारावरची ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी आठवडाभर तशीच होती, येता-जाता लुंबिनी ती वाचायची. शांतम्माने मात्र आडनाव विचारलं नाही. निलंग्याकडची विधवा बाई, खाली एकटी राहते, वरच्या खोल्यांच्या भाड्यावर तिचं चालतं. तिने विचारलं, माणसं किती, आणि खोलीत मटण शिजवणार का. दोघी, आणि नाही, म्हटल्यावर किल्ली दिली. किती माणसं यावर तिचा फार कटाक्ष. टाकी लहान, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो, म्हणून पाहुणासुद्धा एका रात्रीच्या वर नको, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. संध्याकाळी ती जिन्याखाली खुर्ची टाकून बसते आणि पायऱ्यांवरच्या चपला मोजते. लपूनछपून नाही, बोट दाखवून मोजते.

डिसेंबरपासून माझ्या खोलीत तिसरं माणूस आहे. लुंबिनीच्याच वयाची मुलगी. होस्टेलवर राहायची, क्लासला जायची. एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आजच्या दिवस राहू द्या. त्या दिवसानंतर ती गेली नाही. क्लासमध्ये दर परीक्षेनंतर मार्कांवर बॅच बदलतात, हे तुला माहीत आहे. ती वरच्या बॅचमधून खाली आली, मग आणखी खाली. त्यात तिने वहीच्या मागे एक गणित मांडलं होतं. होस्टेल, मेस, फी, सगळं धरून वर्षाचा खर्च, भागिले तिचे मार्क. तिचा एक मार्क घरच्यांना कितीला पडतो, तो आकडा तिने मला तोंडपाठ सांगितला. हसत सांगितला, पुनम, त्या हसण्याची मला भीती वाटली. पहिले काही दिवस ती नुसती छताकडे बघत पडून असायची. मी बाजारात गेले तरी तिला सोबत न्यायची. खोलीत एकटी ठेवायची नाही, हे मी आणि लुंबिनीने न बोलताच ठरवलं.

शांतम्माला सांगितलं असतं तर? खोली सोडा म्हणाली असती तर परीक्षेच्या तोंडावर पुन्हा ती आडनावं, पुन्हा त्या पाट्या. लुंबिनीचं वर्ष गेलं असतं. म्हणून तिची चप्पल पिशवीत घालून खोलीत ठेवायचो. अंघोळी दुपारी, खालची मोटर चालू असताना उरकायचो. कपडे आत वाळवायचो. सगळं नीट चाललं होतं. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पोळी लाटली तर खाली ऐकू जात नाही. भाकरी थापली की जातं.

मंगळवारी संध्याकाळी शांतम्मा जिना चढून वर आली. तिचे गुडघे दुखतात, ती कधी वर येत नाही. उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “काय गं उज्वला, चपला दोन जोड अन् भाकरी आठ? जूनपासून पाचच थापायलीस तू. कुणाचं पोट वाढलंय वर?” लुंबिनी पटकन म्हणाली, “आईला लई भूक लागायली आजी, थंडीची.” शांतम्माने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुझी आई तर वाळून चाललीय. मग खातंय कोण?” ती मुलगी मोरीत होती, आतून कडी लावलेली. नळही बंद. शांतम्मा उठायचं नाव घेईना. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले, खोलीत करपल्याचा वास भरला. मग कडी वाजली. मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, “मी हाय आजी. मी खाते.”

मला वाटलं, आता आरडाओरडा. शांतम्मा तिला म्हणाली, “खा की. खायाला कोण नाही म्हणलं?” पण माझ्याकडे वळली तेव्हा आवाज वेगळा होता. म्हणाली, मागच्या साली समोरच्या घरात अशीच एक पोर ठेवून घेतलेली होती, आई-बाप पोलीस घेऊन आले आणि घरमालकाला दोन दिवस चौकीवर बसवलं. “पाण्याचं मी बघून घेईन. चोरी नगं. लेकरू जिचं हाय तिनं येऊन माझ्या तोंडावर सांगावं, की हे माझं हाय अन् मला ठाऊक हाय. रविवारपर्यंत वाट बघते मी. नाही आली, तर सोमवारी तुम्ही तिघीबी निघा.” जिना उतरताना थांबली आणि म्हणाली, “भाकरी उलट.”

पुनम, तुला आठवतं का, नांदेडला नर्सिंगला गेली होतीस तेव्हाचं? आठवड्यात ट्रंक घेऊन परत आलीस. दादा ओट्यावर बसून म्हणत होते, बाप आहे मी तिचा, उद्याच्या गाडीने परत घालवतो. आपल्या आईने, कोंडाबाईने, तुला एक शब्द विचारला नाही. ताट वाढलं. तू जेवत असताना ती दारात उभी राहिली, दादा आत येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या वर्षी तू आपणहून कॉलेजला नाव घातलंस. आईने तेव्हा विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस, याचा मी हल्ली फार विचार करते.

ती आपली प्रिया आहे, पुनम. तुझी बुद्धप्रिया. होस्टेलवर स्थानिक पालक म्हणून माझंच नाव आहे, गैरहजेरीचे मेसेज माझ्याच मोबाइलवर येतात, म्हणून तुला काही कळलं नाही. फोनवर तुझ्याशी रोज बोलते ती माझ्या ओट्यापाशी बसून बोलते. तिने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे, तिला सांगून मोडते आहे. अजून ती परत क्लासला जायचं म्हणत नाही, पण परवा तिने स्वतःहून कणीक मळली. दयानंदरावांनी अख्ख्या क्वार्टर्समध्ये डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलंय, मला माहीत आहे. त्यांना काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, पण आधी तू एकटी ये. रविवारी सकाळच्या गाडीने नांदेड, तिथून लातूरची एसटी. मी स्टँडवर येणार नाही, तिला सोडून मला निघता येणार नाही. आल्यावर शांतम्माला जे सांगायचं ते सांग. प्रियाला काही विचारू नकोस. आणि चप्पल जिन्यावरच काढ, सगळ्यांत खालच्या पायरीवर. प्रियाची मी त्या दिवशी शेजारी ठेवीन. मोजू दे शांतम्माला.

वाट बघणारी, तुझीच,
उज्वलाक्का