तारेवर अडकलेला कापूस

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सोमवारी मी लिहिलं, की आपटेकाकांनी वयामुळे मैदानावर येणं सोडलं होतं. ते खोटं आहे. आम्ही हसायचो म्हणून ते यायचे थांबले. मीही हसले होते. चुकलेलं पुसायचं नाही, शेजारी बरोबर लिहायचं, असं बाबांनी पाटीवरच शिकवलंय.

चाळीस वर्षं ग्लायडर उडवलेले काका रोज सकाळी ग्लायडरला वर खेचणाऱ्या पोलादी तारेवरून कापसाचा बोळा फिरवत टोकापर्यंत चालत जायचे.

"काका, तारेला अत्तर लावताय?" आम्हाला ग्लायडर शिकवणारे सर विचारायचे.

"नाही हो. हा बोळा तुमच्या नाकात घालायला जपून ठेवलाय."

काका जाऊन महिना झाला. आज मी कापूस फिरवला. तीन ठिकाणी अडकला. तिथले तारेचे बारीक धागे तुटून वर आलेत. सरांना दाखवलं.

"अगं, काका शिरले की काय तुझ्यात? रविवारी नवी मुलं पहिल्यांदा उडणार आहेत. त्यांना घाबरवू नकोस."

आणि मूल अर्ध्यावर असताना तार तुटली तर? की मीच उगाच... नाही, तीन ठिकाणी अडकला. मी मोजलंय.

मुलांचे आईवडील संमतीपत्रावर सह्या करायला येतील, तेव्हा सह्यांआधी त्यांना तारेपाशी नेणार. सर काहीही म्हणोत. परवा, शनिवारी.