रिकामी जागा

जऊळका,
ता. २२ जानेवारी १९३६

प्रिय सैफुद्दीन यास,

इंद्रभानचा सप्रेम सलाम. अख्तरीवहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहे. रुख्मिणीचा खोकला थांबला. शाळेत पोरे वाढली, पाट्या मात्र तेवढ्याच, त्यामुळे निम्मा वर्ग लिहितो आणि निम्मा भांडतो. स्टेशनावर कापसाच्या गाड्या रस्ता अडवून उभ्या आहेत.

तुझे कार्ड येऊन बारा दिवस झाले. गिरणीच्या धुरळ्याने छाती दुखते, डॉक्टर काम सोड म्हणतो आणि उन्हाळ्याच्या आत तू कायमचा गावी येऊन बापाच्या हातमागावर बसणार, हे वाचून मी कार्ड हातात घेऊन तडक तुमच्या मोहल्ल्याकडे निघालो. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. उत्तराला उशीर का झाला ते पुढे येईल. मास्तर आहे, प्रस्तावना लांबणारच.

तुला अजून कोणी कळवले नसेल. तुमच्या मोहल्ल्यामागचे पाजणीचे मैदान रामकिसन शेठने देशमुखांकडून विकत घेतले. तिथे प्लॉट पाडून घरे बांधायची आहेत. स्टेशन झाल्यापासून बाहेरची माणसे येत आहेत, व्यापारी आहेत, मुनीम आहेत, त्यांना राहायला जागा नाही हे खरेच. त्यासाठी सरकारची परवानगी मागितली आहे. सत्तावीस तारखेला तालुक्याचे साहेब इथे येऊन हरकती ऐकणार आहेत.

मोहल्ल्याची हरकत मीच लिहिली आहे. पाजणी म्हणजे काय हे साहेबांना समजावे लागणार, म्हणून असे लिहिले. कुठे चुकले असेल तर सांग:

"साठ हात लांब ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, बांबूंच्या कैच्यांवर सरळ ताणून त्याला ज्वारीची खळ लावतात आणि ती ओली असतानाच दोन्ही बाजूंनी कुंच्याने विंचरतात. याला पाजणी म्हणतात. पाजणीशिवाय सूत मागावर टिकत नाही. ऊन लागले तर खळ आधीच सुकते आणि सूत तुटते. म्हणून हे काम उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत, कडुनिंबांच्या रांगेच्या सावलीतच होते. एवढी लांब, सपाट, सावलीची जागा गावात दुसरी नाही. हिच्यावर अकरा माग चालतात. घरे रुळापलीकडच्या बरडावरही उभी राहतील. ताणा तिथे उभा राहणार नाही."

शेवटची दोन वाक्ये मला बरी वाटली. शेठ म्हणतो, सकाळच्या दोन-तीन तासांसाठी एवढी जमीन अडवून ठेवायची का? पण आपली शाळाही दिवसातून पाचच तास भरते. तिला कोणी रिकामी म्हणत नाही.

आता रिकामी हा शब्द आलाच आहे, तर सांगून टाकतो.

दिवाळीनंतर साहेब जागा पाहायला आले होते. भर दुपार होती. पाजणी केव्हाच उरकली होती, आणि ढोरे पाडतात म्हणून कैच्या, खुंट्या नेहमीप्रमाणे घरात गेल्या होत्या. तुमची माणसे आपापल्या मागांवर होती. मैदानावर पाचोळ्याशिवाय काही नव्हते. साहेबांनी विचारले, इथे काय चालते? शेठ म्हणाला, काही नाही. पंचनामा लिहायला अक्षर चांगले असलेला माणूस हवा होता, म्हणून मला शाळेतून बोलावले होते. मी लिहिले: "जागा रिकामी. कोणाचा वापर दिसून येत नाही." खाली पंच म्हणून सही केली.

लिहिताना माझा पाय एका खुंटीच्या भोकावर होता, सैफू. ते मला बुटातून कळत होते. लहानपणी त्याच भोकांत आपण गोट्या खेळलो.

चूक झाली असे म्हणणार नाही. दोन दिवस आधी शेठने मला हाक मारून सांगितले होते की कोपऱ्याचा प्लॉट मास्तरांचा. चौदा वर्षे आम्ही त्याच्याच बखारीमागच्या खोलीत राहतो. सरकीच्या वासाने रुख्मिणीचे डोके दुखते. मला घर हवे होते, आणि 'दिसून येत नाही' हे तर अक्षरशः खरेच होते. शिकलेल्या माणसाला खोटे असे खऱ्यासारखे लिहिता येते, त्याची लाज मला आता वाटते. त्या दिवशी वाटली नाही.

हरकतीसाठी खाला त्या पंचनाम्याची नक्कल घेऊन माझ्याकडेच आली. तुझी आई दुसऱ्या कोणाकडे जाणार? मी तिला सगळा वाचून दाखवला, फक्त खालची नावे गाळली. ती म्हणाली, "लिवणारा आंधळा होता काय रे इंदर? रोज पहाटे आमी काय भुतं नाचून राह्यलो तिथं?" मी मान हलवली आणि तिची हरकत लिहायला बसलो. हरकत चांगली उतरली. तिने मला दुवा दिली. मग तुझे कार्ड आले.

बारा दिवस मी तोंड लपवत फिरलो. काल रुख्मिणीला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे माह्यं घर गेलं," आणि आत निघून गेली. तिचेही बरोबर आहे.

आज सकाळी मैदानावर गेलो. ताणा लागला होता, खाला खळीचे भांडे घेऊन उभी होती. मी तिथेच, सगळ्यांदेखत, सांगितले की लिहिणारा आंधळा नव्हता, तो मी होतो. कुंचे थांबले नाहीत. ओली खळ कोणासाठी थांबते? थोड्या वेळाने खालाने एक कुंचा माझ्या हातात दिला. म्हणाली, "तूनं लिवलं, तर तूच खोडशीन. आता हात चालव, सुकून राह्यलं."

ऊन चढेपर्यंत मी सूत विंचरत होतो. निघताना तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

तेव्हा येत्या सत्तावीसला साहेबांना उजाडताच मैदानावर यायची विनंती केली आहे. तिथे पंचनाम्यातला माझा मजकूर खोटा आहे आणि तो मी प्लॉटच्या लोभाने लिहिला, असे लेखी देणार. नोकरी राहील असे वाटत नाही. खोली तर शेठचीच आहे. एवढे करूनही मैदान वाचेल याची खात्री नाही, कारण सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिलेले सहजासहजी पुसले जात नाही, आणि पहिल्यांदा लिहिणारा मीच.

तू आलास तर मोहल्ल्याला बळ येईल. आला नाहीस तरी ही हकीकत तुला दुसऱ्याकडून न कळता माझ्याकडून कळावी, एवढ्यासाठी हे पत्र. माफी मागत नाही. मैदान गेले तर तू येणार तो कशावर, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते नसताना माफी कोणत्या तोंडाने मागू?

तीस वर्षे सहीच्या आधी 'तुझा' लिहीत आलो. आज लिहीत नाही. लिहावे की नाही, ते तू कळव.

इंद्रभान