पुढचे चाक किती इंची?

सानगडी, ता. साकोली
दि. २० जानेवारी १९८२

तीर्थरूप मामा यांना भाची तुळसाचा साष्टांग नमस्कार.

मामा, ज्या मुलीची उंची चार फूट आठ इंच आहे, तिच्या सायकलीचे पुढचे चाक किती इंची असावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले, आपल्या घराण्यात पहिली झाले, पण या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही, हे आधीच कबूल करते. क्षेमकुशल आधी विचारायचे असते हे मला ठाऊक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा थंडीत वाढला नाही ना? जबलपूरला आपल्याकडच्यापेक्षा थंडी जास्त असेल, तरी कारखान्यात जाताना कानाला मफलर बांधत जा. इकडे आई-बाबा बरे आहेत, धान घरात आले आहे, आणि मी रागावलेली आहे. ऑक्टोबरपासून तुम्हाला पत्र लिहिले नाही, त्याचे कारण हा राग (आणि आणखी एक आहे, ते शेवटी येईल).

तुम्हाला माहीत आहेच की प्रौढ शिक्षणाच्या कामावर पर्यवेक्षिका म्हणून माझे नाव निघाले होते. दहा गावांत दहा केंद्रे, आणि प्रत्येक केंद्राला आठवड्यातून एकदा भेट. भंडाऱ्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी माझी गुणपत्रिका उघडलीसुद्धा नाही. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिले (त्याला फार वेळ लागला नाही) आणि विचारले, सायकलवर पाय पुरतात का? मी खरे बोलायची प्रतिज्ञा केलेली असल्यामुळे म्हटले, नाही. तेव्हा ते म्हणाले की पंधरा नोव्हेंबरला ते स्वतः सानगडीला येतील, तोवर सायकल चालवून आणि थांबवून दाखवली तर काम माझे, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराचे. तो दुसरा उमेदवार पाच फूट दहा इंच होता आणि त्याला थर्ड क्लास होता. निरक्षरता दूर करायला लांब पाय लागतात हे मला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते!

मी बाबांची सायकल कैची मारून चालवून पाहिली. पदवीधर बाईने दांड्याखालून पाय घालून कैची मारणे कसे दिसते हे मला आईने पदराआडून हसून सांगितले. दवाखान्यातल्या सिस्टरबाईंची बिनदांड्याची सायकल चालवून पाहिली, तर थांबल्यावर माझे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत, आणि मी प्रत्येक वेळी डाव्या बाजूला पडे (सिस्टरबाईंनी आयोडिनची बाटली अंगणातच आणून ठेवली होती). अशा वेळी तुमचे कार्ड आले आणि सोबत वेगळ्या पाकिटात इंग्रजी मासिकातले ते चित्र. आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेला माणूस, पाय पुढे, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे, आणि चेहऱ्यावर असे समाधान की जणू जेवण करून बसला आहे. मी ते चित्र आठ दिवस उशाशी ठेवले. मामा, त्या वेळी मी तुम्हाला देवमाणूस समजत होते.

बाजारचौकात टेकचंदभाऊंचे सायकलचे दुकान आहे. त्यांनी चित्र उलटेसुलटे पाहिले आणि म्हणाले, "बनवून देतो. जबलपूरच्या मानसानं धाडलं म्हन्जे खोटं थोडीच राहील?" साकोलीहून पाइप जोडून आणला, खाटेच्या निवारीची बैठक विणली, हँडल बैठकीच्या दोन्ही बाजूंना बसवले. काम मनापासून केले, हे मी रागातही मान्य करते. पण चाकाशी आल्यावर ते सरळ बाबांच्या सायकलीची अठ्ठावीस इंची चाके काढून लावू लागले. मी म्हटले, भाऊ, पुढचे चाक मोठे असेल तर पायडल वर जाईल आणि बैठकही वर जाईल, मग माझे पाय टेकायचे कुठे? ते म्हणाले, "बाई, लायना चाक लायन्या लेकराले. मोठ्ठ्या चाकात इज्जत असते."

दुकानापुढे उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतला एकही माणूस साडेपाच फुटांच्या खाली नव्हता. मामा, आपल्याकडे सुतार जू करतो तेव्हा आधी बैलाच्या मानेवरून हात फिरवतो. चांभार चप्पल करतो तेव्हा कागदावर पाय ठेवायला सांगतो. या सायकलीसाठी दुकानाचे दार मोजले, चाक मोजले, पाइप दोनदा मोजला. माझा पाय एकानेही मोजला नाही.

तर अठ्ठावीस इंची चाकांची ती गाडी (गावाने तिचे नाव खाटसायकल ठेवले) तयार झाली. तिच्यावर जमिनीवरून चढता येत नसे. आमच्या घराच्या ओट्याला ती लावायची, ओट्यावरून बैठकीत शिरायचे आणि निघायचे. निघाल्यावर थांबायचे ते दुसऱ्या एखाद्या ओट्यालाच. म्हणजे मला साऱ्या गावात फक्त ओट्यापासून ओट्यापर्यंत जाता येई. दहा गावांतल्या ओट्यांची यादी करायला मी वही घेतलीही होती. आईचे नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसले होते, त्यामुळे कपड्यांची अडचण नव्हती. अडचण पायांची होती. ते माझ्या नाकासमोर असत, आणि रस्ता मला दोन तळव्यांच्या मधून दिसे.

पहिल्या दिवशी मी चांगली चालवली. ग्रामपंचायतीच्या ओट्याला थांबायचे ठरवले होते. ओट्यावर पोलीस पाटील कृष्णरावजी पेपर पुढे धरून बसले होते. (त्यांचा चष्मा भंडाऱ्याला दुरुस्तीला गेला आहे. दोन वर्षे झाली.) मी ब्रेक लावला, गाडी अगदी ठरल्या जागी थांबली, आणि माझ्या उजव्या चपलेचे टोक पेपर फाडून कृष्णरावजींच्या टोपीला लागले.

वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की आपण काय करतो? तेच मी केले. चटकन दोन्ही हात जोडून नमस्कार केला. हात जोडायचे म्हणजे हँडल सोडावे लागते, हे नमस्कार झाल्यावर लक्षात आले. मी सायकलीसकट धानाच्या तणसाने भरलेल्या बैलगाडीखाली गेले. बैल दोन पावले सरकले आणि मग परक्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले.

त्यानंतर जे झाले त्याने माझे रक्त अजून उकळते. मला लागले का, हे कोणी विचारले नाही. कृष्णरावजी टोपी झटकत म्हणाले, "इश्वरभाऊची पोट्टी बी.ए. होऊन गावाले लाथा दाखवून राहिली!" शेजारच्या चंद्रभागाकाकू धावत आल्या आणि आईला म्हणाल्या, "गोदावरी, मढं नेतेत तशी पाय पुढं करून कायले जाते वं ही? अजून लग्न व्हायचं हाय तिचं." मग तिथेच ओट्यावर चाकाची सभा भरली. पायडल खाली आले तर पाय बसलेल्या माणसाच्या तोंडापर्यंत येणार नाहीत, एवढे सर्वांना पटले. पण किती खाली? एक म्हणाला सव्वीस. एक म्हणाला चोवीस. एकाने तर बैलबंडीचे चाक सुचवले (तो कशासाठी बसला होता कोण जाणे). टेकचंदभाऊ काही केल्या अठ्ठावीसच्या खाली येईनात, कारण लहान चाक लावले तर लोक म्हणतील टेकचंदने बाईला लेकराची गाडी दिली. आणि कृष्णरावजींचा निकाल असा की माणसाने उभ्याने चालावे आणि आडवे झोपावे, मधले काही देवाने केलेले नाही. पंधरा तारखेला सहा दिवस उरले होते.

मी घरी आले, शिवणाची टेप घेतली, भिंतीला पाठ लावली आणि स्वतः मोजले. पायाचे आतले माप पंचवीस इंच. वीस इंची चाक लावले तर बैठक बावीस इंचांवर येते, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात, आणि पायडल ओट्यावर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याशी राहतात. एवढा सोपा हिशेब! मी कागदावर आकृती काढून दुकानात नेली. टेकचंदभाऊ म्हणाले, "तुह्या मनानं थोडीच होते, बाई? कोन्या जाणत्या मानसानं सांगतलं पायजे." माझ्या पायाबद्दल मी जाणती नाही, मामा!

असो. शेवटी सत्याचा विजय झाला. वीस इंची चाक लागले. पंधराला साहेब आले, मी चौकातून दोन फेऱ्या मारल्या, त्यांच्यासमोर थांबले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. त्यांनी खाली वाकून माझे तळवे टेकले आहेत याची खात्री केली आणि कागदावर लिहिले, सायकल येते. आठ दिवसांत हुकूम आला. आता मी दहा गावे फिरते, आणि सानगडीचे केंद्र टेकचंदभाऊंच्या दुकानातच सायंकाळी मी स्वतः चालवते. मामींना नमस्कार.

तुमची आज्ञाधारक भाची,
तुळसा

ता. क. : सत्याचा विजय कसा झाला ते लिहायचे राहिले. टेकचंदभाऊंना जाणता माणूस हवा होता, म्हणून मी तुमचे ऑक्टोबरचे कार्ड नेले आणि त्यांना, कृष्णरावजींना आणि ओट्यावरच्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले. तुम्ही लिहिले आहे, "चाकाचे तुझे तू ठरव." मी वाचले, "पुढचे चाक वीस इंचीच लावणे." कोणाला वाचता येत नव्हते. टेकचंदभाऊ म्हणाले, "आता कसं पक्कं काम झालं," आणि त्यांनी ते कार्ड दुकानाच्या भिंतीला खळीने चिकटवून टाकले. ज्या अज्ञानाविरुद्ध लढायला मी निघाले त्याचाच मी फायदा घेतला, आणि तो माणूस आता माझ्या वर्गात पहिल्या ओळीत बसतो. फार हुशार आहे. दोन आठवड्यांपासून मी 'ठ' शिकवायचे टाळते आहे, पण किती दिवस टाळणार? तरी मामा, एवढी कृपा करा. तशाच पिवळ्या कार्डावर, त्याच निळ्या शाईने, ऑक्टोबरची तारीख घालून लिहा की चाक वीस इंची लावणे. मी भिंतीवरचे कार्ड बदलून टाकीन. उलट टपाली पाठवा.

ता. क. दुसरा : वरचे कार्ड पाठवू नका. आज सकाळी हे पत्र टपालात टाकायला निघाले तर टेकचंदभाऊ भिंतीपुढे उभे, एका हातात पाना आणि दुसऱ्या हाताचे ग्रीस लागलेले बोट तुमच्या अक्षरांवर. "चा, का, चे. तु, झे. तू. ठ, र, व." मग मागे वळून मला म्हणाले, "काहून वं बाई, याच्यात वीस कुठं हाय?"

मामा, माझ्या पहिल्या विद्यार्थ्याने आयुष्यात वाचलेले हे पहिले वाक्य. आनंद आधी झाला की लाज आधी वाटली, मला सांगता येणार नाही. मी विचारले, 'ठ' कुठे शिकलात? म्हणाले, "तू शिकवूनच नाही राहिली, तं साकोलीच्या पोलीस ठाण्याच्या पाटीवरून शिकलो." मी सर्व सांगून टाकले. त्यांनी पाना खाली ठेवला. "पाय तं तुहाच मोजला होता ना? मंग चाक बरोबर हाय. मामाजीले काय मालूम तुहा पाय?" मग आवाज खाली आणून, "पर कृष्णरावजीले सांगू नोको. त्याइचा चष्मा यायचा हाय."

तो चष्मा येणार नाही हे गावाला ठाऊक आहे. मी पाणी लावून कार्ड सोडवले, सायकलीवर बसले, ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी गेले आणि सर्वांसमोर ते जसे आहे तसे वाचले. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग कार्ड मांडीवर ठेवले आणि हँडल सोडून कृष्णरावजींना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. पाय जमिनीवर होते. पडले नाही.