गणपतीखालचं सालीचं कापड

डब्लिन, ओहायो
२० जुलै १९८६

प्रिय दीपाताई,

सा. न. वि. वि. तू हवाईहून पाठवलेलं झाडाच्या सालीचं कापड पोचलं. बाबा ते येईल त्याला दाखवतायत. म्हणतात, माझ्या पुतणीने हाताने कुटून केलंय! मला केमिस्ट्रीत ए मिळाला तेव्हा नुसतं हं म्हणाले होते. यार, मी जाम जेलस आहे, सरळ सांगते.

गणपतीही त्यावरच मांडणार. मग मीपण ठरवलं, आपणच बनवायचं. बॅकयार्डमधल्या तुतीच्या फांद्या तोडल्या, आतली साल भिजवली आणि आता बेसबॉल बॅटने कुटतेय. आई म्हणते, शेजारी पोलीस बोलावतील. पण काय भारी आयडिया आहे ना! झाड मरत नाही, परत फुटतं. ना पॉलिएस्टर, ना केमिकल, आणि हाताला किती मऊ! फक्त माझ्या कापडाला भोकं का पडतायत? लवकर कळव.

लोभ आहेच, या महिन्यात जरा कमी.
सुमेधा

हिलो, हवाई
२ ऑगस्ट

चि. सुमेधास,

अनेक आशीर्वाद, बॅटलासुद्धा. अगं, खोड वाढताना बाजूचे कोंब खुडत राहायचे असतात. जिथे फांदी फुटते, तिथे भोक पडतं. मला हे शिकवणाऱ्या लेलानी आंटी म्हणतात, कापड रोपापासूनच सुरू होतं. त्यामुळे यंदा विसर.

मी माझ्या बाबांना पुण्याला फोटो पाठवला होता. उत्तर आलं, थीसिस कधी संपणार? तुला घरबसल्या कुमारकाकांसारखे बाबा मिळालेत आणि वर तूच जळतेस!

काका-काकूंना नमस्कार, तुला एक धपाटा.
दीपाताई

डब्लिन
९ सप्टेंबर

प्रिय दीपाताई,

घात झाला. मांडलेली मूर्ती हलवायची नाही म्हणून बाबांनी ताम्हनात न घेता तिथेच पंचामृताचा अभिषेक केला, वर पातेलंभर पाणी. आरतीपर्यंत तुझ्या कापडाचा लगदा! दोन मिनिटं मला इतका आनंद झाला ना! मी माझं भोकांचं कापड पुढे केलं. बाबांनी ते घेतलं आणि सांडलेलं पंचामृत पुसलं. वर म्हणाले, मस्त टिपतं गं.

आता तुझ्याकडे दुसरं मागणार आहेत. फोन आला तर वेळ नाही म्हण. प्लीज, ताई.

एवढं केलंस तर पूर्ण लोभ परत.
सुमेधा

हिलो
२१ सप्टेंबर

चि. सुमेधास,

आशीर्वाद. काकांचा फोन आला. नाही म्हटलं. मग अर्धा तास ते तुझंच सांगत होते. पोरगी कॉलेजला जायच्या आधी तुतीचे कोंब खुडते, पुढच्या वर्षी बघच म्हणे, तुझ्यापेक्षा चांगलं करेल. मी थीसिसबद्दल सांगायला लागले, तर म्हणाले, लाँग डिस्टन्स आहे, ठेवतो.

लोभ माझाही आता जरा कमीच समज.
दीपाताई