आक्काची गिरकी

मंगळवार, दिवे लागताना

डान्सच्या क्लासला परत जायचं हे ठरलंय, पण एकट्यानं शिकायचं का बॅचमध्ये, तेच सुटंना. आज मॅडमना विचारायला शुक्रवार पेठेत गेलो. वाटेत पतंगवाल्याजवळ उगाच थांबलो, ते राहू दे.

मॅडम म्हणाल्या, "एकटा ये की रे. गिरकी उलट्या पायावर घेतोस तू. काढून टाकते ती खोड."

काढून टाकते म्हणे!

ती गिरकी आक्काची आहे. बॅचमध्ये ती पुढं, मी तिच्या मागं. मॅडमकडं बघायचोच नाही, आक्काच्या पायांकडं बघून शिकलो. ती डावखुरी, म्हणून मीपण उलटा. मॅडम ओरडल्या की मागं वळून म्हणायची, "येड्या, मला बघू नको की, पडशील तोंडावर!" आणि हसायची.

आक्का जाऊन वर्ष होत आलं. तिचे कपडेसुद्धा वाटून झाले. उरली ती एवढी गिरकी, माझ्या पायात.

मॅडमना कसं सांगू? लई चांगल्या आहेत, खरंच नीट शिकवतील. त्याचीच भीती वाटते.

उद्या बॅचलाच जातो. मागच्या रांगेत उभा राहीन, तिथं मॅडमची नजर पोचत नाही. पुढं आक्काची जागा मोकळी दिसेल, तेवढं सोसायचं.